पान त्र्याण्णव

नऊ वर्षं मी डाव्या सीटवर बसले.
मांडीवर पर्स, पर्सवर लिल्या चेवड्याचा पुडा,
त्यावर कुणाच्या तरी बारशाची भेट,
आणि पायाशी पाण्याची बाटली, जी प्रत्येक वळणावर
त्यांच्या ब्रेककडे निघायची.
"ठेवायला जागाच नाही या डबड्यात,"
गजेंद्र म्हणायचे.
मी बाटली पायाने अडवायची.

मग साखर त्यांच्या डोळ्यांत उतरली.
डॉक्टरांनी कागदावर पडद्याचं चित्र काढलं
आणि म्हणाले, काका, किल्ली आता काकूंकडे.
दांडिया बाजार येईपर्यंत रिक्षात
आम्ही दोघंही किल्लीबद्दल बोललो नाही.
रात्री त्यांनीच ती माझ्या उशाशी ठेवली,
परत करायची राहून गेलेली उसनी वाटी ठेवावी तशी.

बावन्नाव्या वर्षी क्लच शिकले,
हसमुखभाईंकडून, सकाळी सहाला,
रस्त्यावर कुत्री आणि
डॉक्टरांनी चालायला लावलेली माणसं तेवढी.

पहिला शोध फत्तेगंजच्या पंपावर.
तिथे आम्ही कायम चुकीच्या बाजूला लागायचो.
पुढे, मागे, परत पुढे, मागच्यांचे हॉर्न,
आणि खिडकीतून मान काढून गजेंद्र:
"टाकी कुठल्या बाजूला रे?"
पोरगा मला म्हणाला, "मासी, आ तीर जुओ ने."
काट्याशेजारी तांदळाच्या दाण्याएवढा बाण.
नऊ वर्षं डावीकडे बोट दाखवून उभा,
ज्याला कुणी पत्ताच विचारला नाही
अशा माणसासारखा.

घरी येऊन पुस्तिका काढली.
तिचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं.
"ते वाचायचं नसतं," गजेंद्र पलंगावरून म्हणाले,
"गाडी हाताला कळते."
मी वाचली. दुपारी, धुणं वाळेपर्यंत,
बडीशेप चघळत, पेन्सिलीने खुणा करत.
पान एकेचाळीस: पिशवी अडकवायचा आकडा.
पान अठ्ठावन्न: गाडी बंद केल्यावरही दिवे
अर्धा मिनिट जळत ठेवता येतात,
जिन्यापर्यंत पोचवायला.
(आम्ही मोबाइल दातांत धरून कुलूप शोधायचो.)
पान साठ: डाव्या सीटखाली खण. सरकता.
म्हणजे जागा नाही, जागा नाही म्हणत
मी जागेवरच बसले होते.
मोठ्याने हसले.
"काय गं?"
"काही नाही. पानं चिकटलीत."

पान त्र्याण्णव वाचून मात्र पुस्तिका मिटली.
आतल्या आरशाला खालून एक जीभ असते.
रात्री ती बोटाने ओढायची,
मागच्या गाड्यांचा उजेड मंद होतो.
बस. एवढंच.
मकरपुऱ्याहून दुसरी पाळी संपवून
रोज मागचे ट्रक डोळ्यांत घेत आलेला माणूस,
एक हात कपाळाला, तोंडात शिवी.
डॉक्टरांना फोन करून विचारलं.
नाही काकू, त्याचा काही संबंध नाही, ही साखरच.
पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले.
तरी त्या पानाला पेन्सिल लावली नाही.

परवा छाणीहून परतत होतो.
डावीकडे गजेंद्र, मांडीवर माझी पर्स.
हल्ली त्यांची बोटं सगळं चाचपतात,
तशी सीटखाली गेली.
"अगं, इथे काहीतरी सरकतंय!
अगं, खण आहे! केवढा आहे!"
"काय सांगता," मी म्हटलं.
त्यांनी पर्स आत ठेवली, काढली, बाटली ठेवली,
काळा चष्मा ठेवला, परत लावला.
"कंपनीवाले पण ना. सांगत नाहीत लेकाचे."

जकात नाक्यापाशी मागे ट्रक लागला.
मी आरशाची जीभ ओढली.
ट्रक दोन समयांएवढा झाला.
"मागचा डोळ्यांवर येतोय का गं?" त्यांनी विचारलं.
"फार," मी म्हटलं.
"मग हात धर असा कपाळाला."

मी धरला.